पाय कुठे ठेवायचा

३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

हे पत्र मी संग्रहालयातल्या माझ्या जिन्याखालच्या खोलीत बसून लिहितेय. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठव. घरच्या फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. बाबांनी आपली आरामखुर्ची फोनच्या अगदी शेजारी आणून ठेवलीय. त्यांच्याविषयी काही बोलायचं तर ते त्यांच्याच कानाशी कसं बोलणार? मागच्या वेळी तू विचारलंस, "बाबा कसे आहेत?" आणि मी म्हणाले, "नाही, इकडे ऊनच आहे." तुला वाटलं असेल, वहिनीचं डोकं फिरलं. कारण हे होतं.

आधी माझं रडगाणं. माझं दालन अखेर पुरं झालं. 'आशिया: धर्मांचा उगम आणि प्रसार'. सगळी जमीन म्हणजेच नकाशा. भिंतीवरचा नकाशा लोक लांबून बघतात आणि जांभया देत पुढे जातात, म्हणून हा पायाखाली. एखादा धर्म जिथे सुरू झाला तिथे पितळी चकती. तिथून निघायचं आणि त्याच्या रंगाच्या लाद्यांवरून चालत तो जिथवर पोचला तिथवर जायचं. रंग वाटतानाच माझे केस पिकले. तपकिरी कोणालाच नको होता, म्हणून तो वाळवंटाला दिला. आणि दालनाचा एक खांब नेमका आपल्या शहरावर आला. संचालक म्हणाले, "बरं झालं, एक वाद मिटला."

परवा लाद्यांच्या मिस्त्रींनी शेवटची लादी बसवली. सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या, दारात थबकल्या, चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावून कडेकडेने सरकत पलीकडे गेल्या. मी म्हटलं, "मावशी, मधून जा की."

"बाई, मधे सगळ्यांचे देव आहेत. मी कुणाकुणावर पाय देऊ?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. हा माणूस वर्षभर याच जमिनीवर उकिडवा बसून काम करत होता, यावरच डबा खात होता. त्यांनीही बूट काढून हातात घेतले. म्हणाले, "लाद्या होत्या तोवर ठीक होतं. आता त्यांचं हे झालंय."

उद्घाटन मार्चअखेर आहे. बघू.

आता बाबांचं. ते हल्ली रोज सकाळी फिरायला जातात आणि दुसऱ्याच्याच चपला घालून परत येतात. पहिल्यांदा आले ते दोन मापं मोठ्या चपलांत. दुसऱ्यांदा आले तेव्हा दोन्ही चपला डाव्या पायाच्या होत्या. मी दाखवल्यावर म्हणाले, "तरीच मी सारखा उजवीकडे वळत होतो." तुझा दादा म्हणतो, वय झालं, विसरत असतील. तो दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, त्याला चपला कुठून दिसणार. मला मात्र काळजी वाटतेय. विस्मरणाची सुरुवात अशीच होते का? तू शास्त्र शिकवतेस, तूच सांग.

तुझी,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

विस्मरण नाही. विस्मरण असतं तर परवडलं असतं.

जरा विचार कर. माणूस घराबाहेर पडून चपला कुठे काढतो? वाचनालयात नाही, बागेत नाही, बँकेत नाही, दादाच्या दवाखान्यातही नाही. आणि त्या बदलतात कधी? एकाच ठिकाणी, एकाच वेळी पुष्कळ माणसं चपला काढतात तेव्हा. निष्कर्ष काढायला माझी गरज नाही. बाबा कुठेतरी देवाला जातायत.

तुला ते घरातले सासरे म्हणून माहीत आहेत. मला ते मूळ स्वरूपात माहीत आहेत. शाळेत प्रार्थना सुरू झाली की मी वर्गाबाहेर उभी राहायचे, कारण त्यांनी मुख्याध्यापिकांना तसं पत्र दिलं होतं. त्या पत्रात हायड्रोजन पेरॉक्साइडचाही उल्लेख होता, का ते अजून कळलेलं नाही. ते काम करायचे त्या रंगाच्या कारखान्यात पहिली भट्टी पेटवली तेव्हा मालक हात जोडून उभे होते आणि बाबा शेजारी तापमान वाचत होते, मोठ्याने. आई गेली तेव्हाही त्यांनी दिवसकार्य वगैरे काहीही करू दिलं नाही. आम्ही दोघांनी ते निमूट मान्य केलं, कारण ते बाबा होते.

आणि तुला तो वकील आठवत असेल, माझं लग्न ठरत होतं तो. चांगला माणूस होता, वहिनी. त्याच्या आईचं एवढंच म्हणणं होतं, लग्नात अर्ध्या तासाचा विधी होऊ दे. मी नाही म्हणाले. मला विधीचं वावडं होतं असं नाही, मला बाबांचं तोंड दिसत होतं. तो अर्धा तास मी नाकारला, आता इथे मी आणि माझा कुकर दोघंच राहतो. आणि हे तिकडे चपला बदलून येतायत.

त्यांच्या मागावर जा. कुठे जातात ते बघ आणि लगेच कळव. त्यांना कळू देऊ नकोस. दादाला सांगू नकोस, तो पेशंटला सांगेल.

टिल्लू


१८ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

कालचा दिवस मी विसरणार नाही. दालन बघायला शाळांतल्या शिक्षकांना बोलावलं होतं. दारात बुटांचा डोंगर झाला आणि आत एकही माणूस नाही. सगळे भिंतीला चिकटून, पाहुणे फोटोसाठी उभे राहतात तसे. एक गणिताचे सर धीर करून पुढे झाले, एका पायावर उभे राहिले, खाली काय लिहिलंय ते वाचलं आणि दुसरा पाय ठेवायला जागा शोधत राहिले. अखेर रखवालदाराने त्यांना कमरेला धरून बाहेर काढलं. एका बाईंनी एका चकतीला वाकून नमस्कार केला. शेजारच्या चकतीला वाईट वाटू नये म्हणून तिलाही केला. मग कोणालाच वगळता येईना. शेवटच्या नमस्काराला त्यांची पाठ धरली, त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यावं लागलं.

हे बघून संचालक म्हणाले, "भीती मोडली पाहिजे," आणि मोज्यांनिशी स्वतः उतरले. पॉलिश ताजं होतं. इराणात घसरले ते थेट चीनच्या सीमेवर थांबले. इतिहासात याच वाटेला शतकं लागली होती. ते उठून बसले आणि तिथूनच मला म्हणाले, उद्घाटनापर्यंत यावर माणसं चालताना दिसली नाहीत तर वरून गालिचा टाकायचा आणि दालन पेंढा भरलेल्या प्राण्यांना द्यायचं. तळघरात एक पाणघोडा कधीपासून जागेच्या शोधात आहे म्हणे.

माझी दोन वर्षं, टिल्लू, पाणघोड्याच्या पोटाखाली.

आता तुझं काम. रविवारी मी डोक्याला रुमाल बांधून बाबांच्या मागे गेले. ते रमतगमत चालत होते, कोपऱ्यावरच्या कुत्र्याशी बोलले, आणि सरळ चर्चमध्ये शिरले. मी खिडकीतून पाहिलं. बूट घालून सगळे बाकांवर बसले होते, आणि बाबा कुठे होते? समूहगायनाच्या रांगेत, मागच्या बाजूला, एका जाड आवाजाच्या सुताराशेजारी. हातात पुस्तक. गात होते. इतक्या लोकांत त्यांचा एकट्याचा आवाज ओळखू येत होता, कारण तो एकटाच वेगळ्या सुरात होता.

एवढंच पाहिलं. बाकी काही नाही. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी वहिनी


२३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

लावून घेऊ नको म्हणतेस आणि बाबा गातायत असंही लिहितेस. आईच्या वाढदिवसालासुद्धा ते नुसते ओठ हलवायचे.

दोन दिवस मी सुन्न होते. वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना बाप्तिस्मा म्हणाले. मुलं वहीत लिहून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी डोकं चालू लागलं. तूच लिहिलंस, सगळे बूट घालून बसले होते. मग चपला कुठे बदलतात? म्हणजे आणखी एक ठिकाण आहे. निदान एक. आणि 'एवढंच पाहिलं, बाकी काही नाही' हे वाक्य तू का लिहिलंस? जिने काही पाहिलेलं नसतं ती असं लिहीत नाही. तू काहीतरी पोटात ठेवलंयस.

खरं सांग. बाबा किती ठिकाणी पसरलेत?

टिल्लू


४ मार्च

प्रिय टिल्लू,

चार ठिकाणी. निदान मला सापडलेली चार.

मी लपवलं, कारण तुझं आधीचं पत्र वाचून मला वाटलं, एक पचलं की दुसरं सांगू. बुधवारी ते विहारात जातात. तिथे मांडी घालून ध्यानाला बसतात. म्हणजे पाच मिनिटं ध्यान आणि मग घोरणं. शेजारचे एक निवृत्त बसचालक त्यांना कोपराने ढोसतात, बाबा "झालं का?" म्हणतात आणि पुन्हा झोपतात. मंगळवारी ते देवळाच्या आवारात फुलं विकणाऱ्या बाईंच्या दुकानाशी बसून असतात. आत जात नाहीत, बाहेर बसून लोकांच्या चपला सांभाळतात. तिथेच घोटाळा होतो, कारण दुसऱ्यांच्या सांभाळताना ते स्वतःच्या विसरतात. आणि शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर, आपले घड्याळवाले नमाज संपवून बाहेर येईपर्यंत.

तुझ्यासाठी हे सगळं मी नकाशावर मांडून पाहिलं. एकाच आठवड्यात बाबा जेरुसलेमहून मक्केला, तिथून गंगेकाठी आणि पुढे चीनच्या वाटेला. हे सगळं आपल्या पेठेच्या बाहेर न जाता.

पण परवा मी पकडले गेले. मशिदीसमोरच्या भाजीच्या हातगाडीमागे वाकून उभी होते. गाडीवाला गाडी घेऊन निघून गेला आणि मी भर रस्त्यात वाकलेलीच राहिले. बाबा म्हणाले, "सूनबाई, इकडे सावलीत ये. केव्हापासून उन्हात आहेस." मी जाऊन पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, "टिल्लूने पाठवलं?" मला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी सगळं सांगितलं. वकिलाचंसुद्धा. ते सांगायला नको होतं, पण एकदा बोलायला लागले की मला मधे थांबता येत नाही.

त्यांनी पायरीवरच्या दोन-तीन चपला नीट जोडीने लावल्या. मग म्हणाले, "मी तिला लिहितो."

माझ्यावर रागावू नकोस. तसाही पाणघोडा येतोच आहे.

वहिनी


७ मार्च

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वहिनीला हेरगिरी जमत नाही, तिला पुन्हा ते काम देऊ नकोस.

तुझ्या मनात जे प्रश्न असतील त्यांची उत्तरं आधी देतो. मी धर्म बदललेला नाही, कारण बदलायला आधी एक असावा लागतो. देव आहे असं मला अजूनही वाटत नाही. हे त्या चौघांना माहीत आहे. घड्याळवाले म्हणतात, घाई नाही. सुतार माझ्यासाठी प्रार्थना करतो, मी त्याच्या खोकल्यासाठी मिठाच्या गुळण्या सांगितल्या आहेत. दोघांनाही अजून गुण नाही.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. तुझी आई गेली तेव्हा तिचं घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं होतं. महिनाभराने मी ते आणायला गेलो. घड्याळवाले दुकान बंद करत होते. म्हणाले, नमाजाची वेळ झाली, पायरीवर बसा, आलोच. मी बसलो. ते परत आले आणि माझ्याशेजारी बसून म्हणाले, तुमच्या बाई घड्याळ पुढे लावून घ्यायच्या, कारण तुम्हाला नेहमी उशीर होतो. टिल्लू, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या महिन्यात तिच्याविषयी माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. लोक येऊन गेले होते. मी काही करू देत नाही म्हटल्यावर त्यांना माझ्या घरी बसून राहायला काही कारणच उरलं नव्हतं. मी जे जे काढून टाकलं त्याबरोबर हेही निघून गेलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो. दुकानात सुतार भेटला, त्याला जाड आवाजाचा माणूस हवा होता. गायनाला फुलवाल्या बाईंची सून येते. बसचालक त्यांचा भाडेकरू. असा प्रसार झाला. कोणीही मला काही पटवून दिलेलं नाही. ये म्हणाले, मी गेलो.

आता दुसरी गोष्ट. मी फोनशेजारी खुर्ची टाकली ती तुमचं बोलणं ऐकायला नव्हे. तू फोन केलास तर तो मलाच घेता यावा म्हणून. वाजल्यावर उठून जाताना गुडघे वेळ घेतात आणि सूनबाई आधी पोचते. पण खुर्ची टाकल्यावर तुझा एकच फोन आला, तोही सूनबाईनेच उचलला, आणि त्यानंतर तू फोनच केला नाहीस.

तिसरी आणि शेवटची. त्या वकिलाचं मला परवा कळलं. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी वाद घातला असता, बहुधा दोन दिवस. आणि मग आलो असतो, बूट काढून मागच्या रांगेत बसलो असतो. अर्धा तास काही फार नाही. मी त्याहून लांब बैठकींत झोपलेलो आहे.

प्रकृतीस जप. कुकरची रबरी कडी वेळेवर बदल.

तुझा,
बाबा


१२ मार्च

प्रिय वहिनी,

बाबांचं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं, ही चूक झाली. सहकाऱ्यांना वाटलं, माझी बदली झाली. एकीने तर निरोपाचं भाषणही सुरू केलं.

संध्याकाळी फोन केला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी म्हणाले, "बाबा." ते म्हणाले, "हं." मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांनी माझ्या कुकरची. शेवटी ते म्हणाले, "इकडे ऊनच आहे," आणि मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

वकिलाविषयी मी अजून काहीच ठरवू शकलेली नाही. बाबांवर रागवायचं तर ते आले असते म्हणतात. स्वतःवर रागवायचं तर मी कोणाला विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं मी बाबांचं तोंड डोळ्यांपुढे आणून उत्तरं देत आले, आणि ते तोंड मी माझ्या मनानेच रंगवलं होतं. यावर काही उपाय नाही. चिडचिड आहे, ती होऊ देतेय.

उद्घाटनाला मी रजा काढून येतेय. पाणघोडा असला तरी येतेय.

टिल्लू


१६ मार्च

प्रिय टिल्लू,

पाणघोडा तळघरातच राहणार. नीट बसून वाच.

तुझा फोन झाल्यापासून बाबा अंगात वारं भरल्यासारखे हिंडतायत. रविवारी त्यांनी मला न विचारता त्या चौघांना दालन बघायला आणलं. घड्याळवाले, सुतार, फुलवाल्या बाई आणि बसचालक. दारात चपलांची रांग लागली (या खेपेला बाबांनी आपल्या चपला पिशवीत घालून काखेत धरल्या). सगळे काठाशी येऊन थांबले आणि पुढे कोणी सरकेना. मला वाटलं, झालं, शिक्षकांचाच प्रयोग पुन्हा.

घड्याळवाले म्हणाले, "मी तुमच्या जागेवर पाय ठेवणार नाही."

फुलवाल्या बाई म्हणाल्या, "मग मी तुमच्या कशी ठेवीन?"

सुतार म्हणाला, "मी तर दोघांच्याही नाही."

"मग आलोय कशाला?" बसचालक म्हणाले. त्यांचे गुडघे दुखत होते आणि बसायचा बाक पलीकडच्या भिंतीशी, जपानच्या मागे. त्यांनी डोळे बारीक करून सगळा नकाशा असा न्याहाळला, जणू पुढे रस्ता बंद आहे आणि मागे चाळीस प्रवासी बसलेत. मग मला विचारलं, "बाई, या निळ्यात कुणाचं काही आहे?"

"तो समुद्र आहे."

"मग समुद्रातून चला."

आणि निघाले, टिल्लू. एकामागे एक, अनवाणी. अरबस्तानच्या काठाने उतरले, मलबारच्या किनाऱ्याला वळसा घातला, पुढे पूर्वेकडे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका वेळी एकच पाऊल मावतं, तिथे सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. फुलवाल्या बाई म्हणाल्या, "ओढू नका, मी सुमात्रावर पडेन." पलीकडे पोचल्यावर घड्याळवाल्यांनी खाली वाकून हिरव्या लाद्या पाहिल्या. "आमचे लोक इतक्या लांब आले? कसे?"

मी म्हणाले, "जहाजांतून. व्यापारी होते बरेचसे. आत्ता तुम्ही आलात त्याच वाटेने."

सुतार मागे वळून मलबारकडे बघायला लागला. "आणि आमचे तिथे?"

"तेही समुद्रानेच. खलाशी, मिरीचे व्यापारी."

फुलवाल्या बाईंना कंबोडियापर्यंत आपली देवळं आहेत हे पटेना, त्यांनी दोनदा जाऊन बघितलं. तेवढ्यात वरून बाबांची हाक आली. ते एकटेच उत्तरेकडून तपकिरी पट्ट्यातून चालत चीनला पोचले होते. "बसवाले, तुमचे लोक इकडून गेलेत. उंटांच्या तांड्यांबरोबर. वाळवंट आहे, इथेही कुणाचं काही नाही."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला हे सगळं माहीत नव्हतं असं नाही, याच विषयावर मी जाडजूड प्रबंध लिहिलाय. पण दालनात मी काय केलं? सगळा मजकूर उगमाशी आणि मुक्कामाशी लिहिला. मधली वाट रिकामी सोडली. जिथे पाय ठेवायला कोणाची हरकत नाही, नेमक्या तिथेच वाचायला काही नाही.

सोमवारी मिस्त्रींना बोलावलं. सांगितलं, सगळ्या पाट्या उचला आणि समुद्रात न् वाळवंटात बसवा. कोण कुठून निघालं, बरोबर काय नेलं, वाटेत कोणाला भेटलं. चकत्यांभोवती बोटभर उंच कठडा, म्हणजे पाय लागायची भीती नको. मिस्त्री म्हणाले, "बाई, आता मी समुद्र खोदू?" मी म्हणाले, "हो." त्यांनी बूट काढले, मग आपण समुद्रात आहोत हे आठवून पुन्हा घातले.

संचालक येऊन सगळं बघून गेले. म्हणाले, "माझ्या मनात पहिल्यापासून हेच होतं."

लवकर ये. बाबांनी गाडीची वेळ तीनदा विचारलीय.

तुझी वहिनी


५ एप्रिल

प्रिय टिल्लू,

सुखरूप पोचलीस हे कळलं. तुझी गाडी संध्याकाळची, म्हणून तू मंत्र्यांच्या भाषणानंतर निघालीस. त्यापुढचं तुला ठाऊक नाही, आणि बाबा फोनवर सांगणार नाहीत.

गर्दी वाढत गेली. संचालकांनी फीत कापताना 'सागरी दृष्टिकोन' असं काहीतरी म्हटलेलं तू ऐकलंच आहेस, पुढे ते प्रत्येक वार्ताहराला तेच सांगत होते. तुझा दादा एका पाहुण्याला चीनमध्ये गाठून त्याची दाढ बघत होता. मी बाबांना तेवढ्यापुरता स्वयंसेवकाचा बिल्ला लावून दिला होता. ते समुद्राच्या काठाशी उभे राहून लोकांना रस्ता दाखवत होते आणि जो विचारील त्याला उत्तर देत होते, जो विचारणार नाही त्यालाही.

बंद व्हायच्या जरा आधी एक आजीबाई आल्या, एकट्याच, हातात काठी. बाबांच्या वयाच्या असतील किंवा थोड्या मोठ्या. बिल्ल्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही यातले कुठले?"

मी जवळच होते. या प्रश्नावर बाबा पूर्वी काय काय बोललेत ते तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलंयस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अख्ख्या नकाशावरून नजर फिरवली.

"मी पाहुणा," ते म्हणाले.

"कुणाकडचा?"

"आळीपाळीने सगळ्यांकडचा."

आजीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं आहे तुमचं. चहा तरी सगळीकडे मिळत असेल."

"मिळतो. चर्चमधला पाणचट असतो."

त्या हसल्या. बाबांनी विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?" त्या म्हणाल्या, "लांब कुठेतरी. मुलं म्हणतात, घरात बसून राहू नकोस." बाबांनी हात पुढे केला आणि त्यांना घेऊन पाण्यात उतरले. प्रत्येक पाटीपाशी थांबून मोठ्याने वाचत होते, कारण त्यांना कमी दिसत होतं आणि यांना सांगायची हौस. मधे एका ठिकाणी दोघांचं कशावरून तरी वाजलं. भर समुद्रात. मग पुन्हा चालायला लागले.

बंद करायची घंटा झाली, सगळे बाहेर पडले. मी आत डोकावले तर ते दोघं जपानपाशी बाकावर बसले होते. बाबा काहीतरी सांगत होते आणि त्यांच्या हातात तुझ्या आईचं घड्याळ होतं. मी रखवालदाराला म्हटलं, हाक मारू का?

तो दिव्याच्या बटणावरचा हात काढून स्टुलावर बसला. म्हणाला, "राहू द्या. लांबून आलेत. येतील सावकाश."

तुझी,
वहिनी